डावा रकाना

मंगळवारी सकाळी साडेसातला मंदाचा आवाज गेला. तीन वर्षांपूर्वी एकदा गेला होता. ही दुसरी वेळ.

पहिल्या वेळेचे कारण मोठे होते. मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि एका दुपारात मानेखालचे सगळे शरीर तिच्या ताब्यातून गेले. डोळे राहिले, कान राहिले, समज पूर्ण राहिली. चमच्याने भरवलेले पातळ अन्न सावकाश गिळता येई. बोलणे मात्र गेले. या वेळचे कारण अगदी किरकोळ होते. रात्रीतून लॅपटॉपने आपण होऊन नवे अपडेट चढवून घेतले होते, आणि सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर पिवळा त्रिकोण येऊन बसला होता. त्यावर बोट ठेवले की दोनच शब्द दिसत: इंटरनेट नाही.

लॅपटॉपचा आणि तिच्या आवाजाचा संबंध असा. मंदाच्या गळ्याभोवती आणि हनुवटीखाली एक मऊ पट्टी असते. माणूस बोलायचे मनात आणतो तेव्हा मेंदूकडून जीभ-जबड्याच्या स्नायूंकडे विजेचे बारीक संदेश निघतात. स्नायू हलले नाहीत तरी त्या संदेशांचा काही अंश तिथवर पोचतो. पट्टी तो टिपते, आणि लॅपटॉप त्यावरून शब्द ओळखतो. हे शब्द तुटक असतात, काही चुकीचेही. म्हणून ते इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकाकडे जातात. मंदा कोणाशी कसे बोलते, कोणत्या वेळी काय मागते, याची सगळी नोंद त्याच्यापाशी असते. त्या नोंदीच्या आधाराने तो तुटक शब्दांचे पूर्ण वाक्य करून परत पाठवतो, आणि लॅपटॉप ते मंदाच्या आवाजात म्हणतो. आवाज तिने पूर्वी फोनवर पाठवलेल्या निरोपांवरून घडवला आहे. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही.

दोन वर्षे हे सुरळीत चालले होते. मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखा तिच्या खाटेशी गेलो, झोप लागली का विचारले, आणि उत्तर आले नाही.

घाई अशासाठी होती की गुरुवारी अकरा वाजता डॉ. शिरगुप्पे पडद्यावर येणार होते. मंदाचे गिळणे महिन्या-दोन महिन्यांपासून बिघडत चालले होते. अन्नाचे कण फुप्फुसात उतरत, ताप येई. पोटाला लहानसे छिद्र पाडून नळी बसवली तर अन्न थेट पोटात जाईल आणि ती आणखी काही वर्षे काढील, असे डॉक्टरांचे मत होते. नळी नसेल तर दोन महिने. फार तर तीन. रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती त्याच्याच आवाजात नोंदवावी लागते. कायद्याने हा यंत्रातला आवाज रुग्णाचा स्वतःचा मानला आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी मंदाला विचारले होते, आणि ती म्हणाली होती, "डॉक्टर म्हणतात ते योग्यच आहे; माझी हरकत नाही." आता हेच तिने गुरुवारी डॉक्टरांसमोर म्हणायचे होते, आणि त्यासाठी इंटरनेट हवे होते.

मी छत्तीस वर्षे सांगलीच्या एका प्रकाशनगृहात मुद्रितशोधक होतो. लोकांची पुस्तके छापली जाण्याआधी त्यांतल्या चुका काढायच्या, एवढेच काम. यंत्रांत मला गती नाही. तरी कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या पायऱ्या मी एकेक करून पाहिल्या. राउटर बंद करून तीस आकडे मोजले आणि परत लावला. लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. फ्लाइट मोड चुकून चालू नाही ना, ते पाहिले. घरचे वायफाय विसरायला लावून पासवर्ड नव्याने घातला. फोनवर त्याच वायफायने वर्तमानपत्र उघडत होते, म्हणजे दोष घरच्या इंटरनेटचा नव्हता. मग फोन तारेने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपवरही वर्तमानपत्र उघडले. मला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला. पण कंपनीच्या सेवेने दार उघडले नाही. वैद्यकीय यंत्राला नोंदवलेल्या वायफाय कार्डाशिवाय प्रवेश नाही, असे तिने नम्रपणे कळवले.

मंदा माझी ही धडपड पाहत होती. डोळे तेवढे माझ्यामागे फिरत.

नऊच्या सुमाराला पडद्यावर राखाडी अक्षरे उमटली. "जोडणी नाही. मूळ शब्द दाखवले जात आहेत." ही सोय जुन्या प्रणालीत नव्हती, त्या रात्रीच्या अपडेटनेच ती आणली होती. पूर्वी इंटरनेट गेले की पडदा कोरा राही. आता त्या ओळीखाली एक शब्द आला. आवाज नव्हता, नुसती अक्षरे.

अवो

मी खुर्चीत बसलो. मंदा जतकडची. लग्न होऊन आली तेव्हा मला अशीच हाक मारायची. मला तेव्हा प्रकाशनगृहातल्या लोकांसमोर संकोच वाटे. मी एक-दोनदा तसे बोललो, आणि पुढे चारचौघांत ती 'अहो' म्हणू लागली. घरात मात्र बोलणे जाईपर्यंत 'अवो'च होते. यंत्र आल्यापासून ती घरातही 'अहो' म्हणत होती, आणि हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

दुपारी एक वाजता मी रोजच्यासारखी पश्चिमेची खिडकी लावायला उठलो. पडद्यावर आले: नको. मग: ऊन. मग: असू दे. मी घोटाळलो. गेली दोन वर्षे तिला उन्हाचा त्रास होतो म्हणून रोज एक वाजता ती खिडकी मी लावत आलो होतो. यंत्र बिघडले आहे, शब्दांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, असे मनाशी म्हटले आणि खिडकी लावली.

बुधवारी सकाळी इर्शाद मुजावर आला. स्टेशन रोडवर त्याचे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. पन्नाशीचा माणूस. मंदाची आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती, सत्तावीस वर्षे तिने ती एकटीने चालवली. तेव्हापासूनची त्याची ओळख. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची मंदाला सवय होती. तिने दळण घेऊन जा म्हटलेले तीन घरे पलीकडे ऐकू जाई.

इर्शादने दारात चपला काढल्या, न्हाणीघरात जाऊन पाय धुतले आणि मग खाटेपाशी गेला.

"काकू, पाय धुऊन आलोय बरं का," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पहिल्यापासून दम देत होत्या. दळणाच्या डब्याला हात लावायच्या आधी पाय धू म्हणून. आता कुठं पाय आणि कुठं डबा. पण विचारायची सोय नव्हती."

त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाच मिनिटांत दोष सांगितला. वायफायचे कार्ड आठ वर्षांपूर्वीचे. ते चालवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या प्रणालीने जुना ड्रायव्हर काढून आपला बसवला होता, आणि त्या नव्याला हे जुने कार्ड ओळखूच येत नव्हते. मागे जायचे बटण होते, पण ते फिके पडले होते. दाबले जात नव्हते. नवे कार्ड बसवले तर कंपनीकडे नव्याने नोंद करण्यात तीन आठवडे जातील. तेव्हा जुना ड्रायव्हरच कुठून तरी पैदा करायला हवा. याच बनावटीचा एक लॅपटॉप दुकानात पडून आहे, त्यातून काढून उद्या सकाळी आणतो, असे तो म्हणाला.

बिघाड नेमका कधी सुरू झाला ते पाहायला त्याने एक नोंदीची फाइल उघडली. जुन्या प्रणालीत ती झाकलेली असायची.

"काका," जरा वेळाने तो म्हणाला, "हे तुम्ही बघा. तुमच्या धंद्यातलं दिसतंय."

पानाचे दोन रकाने होते. डाव्या रकान्यात लॅपटॉपने ओळखलेले मूळ शब्द, प्रत्येकापुढे खात्रीची टक्केवारी. उजव्या रकान्यात परत आलेले वाक्य. दोन वर्षांची रोजची नोंद होती. मी चष्मा पुसला आणि सवयीने, मुद्रिते वाचावीत तसा, मूळ प्रत आणि छापील प्रत ताडून पाहत गेलो.

डावीकडे: मीठ. न्हाई. कसलं जेवण. उजवीकडे: "जेवण रुचकर झाले होते."

डावीकडे: खिडकी. नको. ऊन. असू दे. उजवीकडे: "उन्हाचा त्रास होतो आहे, कृपया खिडकी लावून घ्यावी."

संध्याकाळच्या वेळी मी तिला पुस्तक वाचून दाखवतो. तिथे डावीकडे होते: अवो. गप बसा. उजवीकडे: "तुम्ही वाचून दाखवलेत, फार बरे वाटले."

यावर इर्शाद हसला. माझ्याकडे पाहिल्यावर थांबला.

रविवारच्या नोंदी वेगळ्या ओळखू येत होत्या. रविवारी ऋजुताचा फोन असतो. ती आमची एकुलती मुलगी, बंगळुरूला असते. कितीतरी रविवारी डावीकडे तेच तीन शब्द होते: ऋजू. ये. कधी. आणि उजवीकडे: "ऋजुता, तू तुझ्या कामाकडे लक्ष दे, माझी काळजी करू नकोस."

पंधरा दिवसांपूर्वीची तारीख मी शोधून काढली. डावीकडे: नळी. नको. पुरे. आता.

उजव्या रकान्यातली भाषा मला ओळखीची होती. मंदाने उभ्या आयुष्यात कधी अर्धविराम घेतला नव्हता.

हे कसे झाले ते मला लगेच कळले, आणि ते मी इर्शादला सांगितले नाही. यंत्र बसवले तेव्हा पहिले सहा आठवडे शिकवणीचे होते. मंदा मनात काही म्हणे, पडद्यावर चार वाक्ये येत, आणि घरच्या माणसाने तिच्या म्हणण्याशी सर्वांत जवळचे वाक्य निवडायचे. गरज वाटली तर त्यात दुरुस्तीही करायची. मंदाने डोळे मिटून होकार दिला की पुढचे वाक्य. रोज दोनशे वाक्ये. मी ती फार निष्ठेने केली. समोर मजकूर आला की त्यातला सगळ्यांत नेटका पर्याय निवडायचा, एवढेच माझ्या हाताला माहीत होते. ओबडधोबड वाक्ये मी गाळली. एकाच वाक्यात तक्रार आणि नकार आले की अर्थ संदिग्ध होतो, म्हणून तीही गाळली. जिथे राग दिसला तिथे मला वाटले, यंत्राचा गोंधळ झाला असावा. पहिल्या आठवड्यात मंदा डोळे मिटत नसे, टक लावून माझ्याकडे पाहत राही. दुसऱ्या आठवड्यापासून मिटू लागली. मी समजलो, तिला जमू लागले.

कंपनीच्या संगणकाला त्यातून जे शिकायचे ते तो शिकला. नंतरच्या दोन वर्षांत त्याने स्वतःच्याच वाक्यांवरून स्वतःला पक्के केले. मी तिच्या जवळ बसून माझ्याशीच बोलत होतो, असे म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. पण फार होणार नाही.

"काका, आजारपणानं माणूस मऊ होतो, तशा काकू झाल्या असतील असं मी धरून चाललो होतो," इर्शाद म्हणाला. "पण मागं एकदा त्या मला म्हणाल्या, 'इर्शाद, आपण आलात, आनंद झाला.' घरी जाऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, काकू गेल्या."

जोडणी अजून बंदच होती. राखाडी अक्षरे चालू होती. मी खुर्ची खाटेजवळ ओढली. विचारावे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते. पण इर्शाद पाहत होता, म्हणून विचारले.

"मंदा, नळी बसवायची का?"

ती माझ्याकडे पाहत होती. पडद्यावर शब्द यायला वेळ लागला. नको, एकाहत्तर टक्के. पुरे, चौसष्ट. मग बराच वेळ काही नाही. मग: तुम्ही. मग: सांगा. शेवटच्या शब्दापुढे ब्याण्णव टक्के होते.

"उद्या डॉक्टरांना तुम्ही सांगा म्हणतायत," इर्शाद हळूच म्हणाला.

"सांगतो," मी मंदाला म्हणालो.

तिने डोळे मिटले. या वेळी ते कशासाठी मिटले, याबद्दल मला शंका नव्हती.

दुपारी मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. केतकी नावाची मुलगी होती, अत्यंत शांतपणे बोलणारी. तिचे म्हणणे असे की मूळ शब्द म्हणजे रुग्णाचे बोलणे नव्हे. ती कच्ची सामग्री. एकाहत्तर टक्के खात्री म्हणजे दर दहा वेळांमागे तीन वेळा तो शब्द दुसराच असतो. घसा खाकरला, आवंढा गिळला तरी यंत्राला ते बोलणे वाटते. अर्थ लागतो तो मागच्या-पुढच्या संदर्भाने, आणि संदर्भ त्यांच्या संगणकाकडे आहे. तिच्या स्वरात मला कुठेही खोटेपणा जाणवला नाही. मी विचारले, तो संदर्भच मुळात चुकीचा असला तर? ती म्हणाली की तसे वाटत असेल तर चुकीची वाक्ये मी दुरुस्त करून पाठवावीत, कंपनीचे लोक त्यांतून शिकवणी सुधारतील. मी तिचे आभार मानले.

मग ऋजुताला फोन केला. मी तिला यंत्राबद्दल सांगू लागलो, पण मला नीट सांगता आले नाही. शिकवणीचा भाग मी गाळला, त्यामुळे उरलेले तिला पटण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, नळीचा निर्णय होण्याआधी तू एकदा येऊन जा. तिच्या कचेरीत कसलेसे परीक्षण चालू होते. ती म्हणाली, ऑपरेशन झाले की सवडीने येते.

"आईला तुला पाहायचं असेल," मी म्हणालो.

"बाबा, मी दर रविवारी विचारते तिला. तीच म्हणते, येऊ नकोस, कामाकडे लक्ष दे. तिचं ऐकू का तुमचं?"

माझ्यासमोर वहीत ते तीन शब्द उतरवून ठेवलेले होते. वाचून दाखवायला एक श्वास पुरला असता. मग तिने विचारले असते, की दोन वर्षे माझ्याशी कोण बोलत होते?

"तिचं ऐक," मी म्हणालो.

बाकीची दुपार मी टक्केवारीचा हिशेब मांडण्यात घालवली. एकाहत्तर म्हणजे किती? मी छत्तीस वर्षांत किती चुका नजरेआड केल्या असतील? पुस्तक छापून आल्यावर पहिल्याच पानावर चूक दिसावी, असे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे. माझी नजर पक्की नाही, हे मला माहीत होते. मग या चार शब्दांपुरती ती पक्की कशी मानायची? नळी नाही म्हटले तर दोन महिने. मी घरात मंदाशिवाय बसलेला असा मला दिसू लागलो. हे मी प्रामाणिकपणे लिहितो: शंका खरी होती, पण मी तिला जितका मान दिला तितकी ती मोठी नव्हती.

गुरुवारी सकाळी दहा वाजता इर्शाद जुना ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन आला. वेळ बरा लागला. नवी प्रणाली जुन्याला बसू देईना. म्हणून आधी तिची आपोआप दुरुस्ती बंद करावी लागली, मग लॅपटॉपची तारीख चार वर्षे मागे नेली, ड्रायव्हर बसवला, तारीख परत पुढे आणली. अकराला वीस मिनिटे कमी असताना पिवळा त्रिकोण गेला. तीन वाकड्या रेघा उजळल्या.

"सुप्रभात," मंदाच्या आवाजात लॅपटॉप म्हणाला. "यंत्र दुरुस्त झाले, हे बरे झाले, इर्शादचे आभार."

 इर्शादने पडद्याच्या एका बाजूला डावा रकाना उघडा ठेवला आणि मला एक बटण दाखवले. ते दाबले की कंपनीच्या संगणकाशी असलेली तेवढी जोडणी तुटेल आणि फक्त मूळ शब्द राहतील.

"डॉक्टरांना ही डावी बाजू दिसत नाही," तो म्हणाला. "तुम्हालाच दिसणार. बटण दाबा नाहीतर तोंडानं सांगा. आपलं काम झालं."

बटण दाबले असते तर काय झाले असते, हे मी आधीच वाचून ठेवले होते. मूळ शब्द कायद्याने संमती म्हणून चालत नाहीत, नकार म्हणूनही नाहीत. पण घरच्या साक्षीदाराने नुसती शंका घेतली तरी शस्त्रक्रिया थांबते आणि तीन डॉक्टरांची समिती रुग्णाला प्रत्यक्ष भेटून तपासते. म्हणजे मी फक्त एक वाक्य बोलायचे होते. तेही धड नसते तरी चालले असते.

अकरा वाजता डॉ. शिरगुप्पे आले. कामाचा, सज्जन माणूस. त्यांनी मंदाची विचारपूस केली, नळीबद्दल सगळे पुन्हा सोप्या शब्दांत सांगितले, धोके सांगितले. मग विचारले, "मंदाकिनीबाई, तुमची या शस्त्रक्रियेला संमती आहे का?"

डाव्या रकान्यात अक्षरे आली. नको. मग: अवो. मग: सांगा.

"डॉक्टर, माझी पूर्ण संमती आहे," मंदाचा आवाज म्हणाला. "यजमानांनी मला सर्व समजावून सांगितले आहे, मी समाधानी आहे."

मंदा पडद्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

डावीकडे पुन्हा आले: सांगा. सांगा.

"घरचे साक्षीदार म्हणून कुंभोजकर साहेब, तुम्हीही एकदा सांगा," डॉक्टर म्हणाले. "आत्ता बोलल्या ते त्यांचंच म्हणणं आहे ना? बरोबर आहे?"

मी उजवीकडचे वाक्य वाचले. त्यात एकही चूक नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी नोंद केली आणि शुक्रवारची वेळ दिली. पडदा बंद झाला. इर्शादने पेनड्राइव्ह काढून खिशात घातला, मंदाच्या खाटेजवळ जाऊन थोडा वेळ उभा राहिला. जाताना दारात चपला घालता घालता तो एवढेच म्हणाला, "काल सांगतो म्हणाला होता, काका."  उत्तराची वाट त्याने पाहिली नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्याला आता चार महिने होतील. दर चार तासांनी मी पिशवीतून अन्न सोडतो. ताप येत नाही, वजन वाढले आहे. डॉक्टर समाधानी आहेत.

त्या गुरुवारपासून डावा रकाना कोरा आहे.

आधी मला वाटले की पट्टी सैल झाली. ती बदलून आणली. मग वाटले, पुन्हा ड्रायव्हर. सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून केल्या. सगळे ठीक आहे. मी जोडणी तोडून तासन्‌तास बसतो, प्रश्न विचारतो, क्षमाही मागितली आहे. राखाडी पडद्यावर काही उमटत नाही. मंदाचे डोळे उघडे असतात. ते माझ्यामागे आता फिरत नाहीत.

उजवा रकाना मात्र चालू आहे. केतकी म्हणाली होती ते खरे आहे. श्वास अडखळला, आवंढा सरकला, शब्द एकही ओळखू आला नाही, तरी एवढ्याने त्या संगणकाला बोलण्याची सुरुवात झाल्यासारखी वाटते. पुढचे तो दोन वर्षांच्या नोंदीवरून जुळवतो. सकाळी सुप्रभात म्हणतो. दुपारी ऊन लागते म्हणतो. खिडकी मी उघडीच ठेवतो.

काल रविवार होता. ऋजुताचा फोन आला. तिने कचेरीतली एक गंमत सांगितली, आणि मंदाचा आवाज हसला. फोनवरच्या जुन्या निरोपांत कुठेतरी ते हसणे होते. मग दोघी पंचवीस मिनिटे बोलल्या. मी डावीकडे पाहत होतो. सगळा वेळ तिथे एकही अक्षर नव्हते.

"आई आज किती छान बोलली, बाबा," ऋजुता शेवटी म्हणाली. "आधीपेक्षा खुलली आहे. नळीचा निर्णय योग्यच झाला."

मी हो म्हणालो. येण्याबद्दल तिने विचारले नाही, मीही काढले नाही.

मी फोन ठेवला. मंदाने आवंढा गिळला.

"अहो, तुम्ही जेवलात का?" लॅपटॉपमधून तिचा आवाज आला. "वेळेवर जेवत जा, प्रकृतीकडे दुर्लक्ष करू नका."

जेवलो, मी म्हणालो. खरे तर कुकर अजून लावायचा होता.